पांढरीत दडलेला काळीचा हिशेब

(ओझर, ता. निफाड, जि. नाशिक येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

ओझर म्हटलं की बाहेरच्या माणसाला विमानाचा कारखाना आठवतो आणि निफाड म्हटलं की द्राक्षं आणि कांदा. आज आपण या सगळ्यापेक्षा जुन्या आणि दिसायला फार साध्या गोष्टीबद्दल बोलणार आहोत. जमिनीत सापडणारी जनावरांची हाडं आणि जळून कोळसा झालेले धान्याचे दाणे. यांचा अभ्यास करणाऱ्या शाखांना पुराप्राणिशास्त्र आणि पुरावनस्पतिशास्त्र म्हणतात. नावं जड आहेत, पण प्रश्न आपल्या ओळखीचे आहेत. लोक काय पिकवत होते, काय खात होते, कोणती जनावरं बाळगत होते, आणि एखादं गाव उठलं तर का उठलं?

महाराष्ट्राच्या पहिल्या शेतकऱ्यांची जी कहाणी आपल्याला सांगितली जाते, ती उभी आहे याच हाडांवर आणि दाण्यांवर. पण ती सांगताना हाडं आणि दाणे साक्षीदार म्हणून बोलावले जातात आणि त्यांची उलटतपासणी मात्र कोणी घेत नाही. आज ती घ्यायची आहे, आणि एका चांगल्या कामाच्या बाबतीत घ्यायची आहे. वाईट कामावर टीका करायला फार काही लागत नाही.

आधी आपल्या भाषेतले दोन शब्द घेऊ. पांढर आणि काळी. गाव वसतं ती पांढर, पिकतं ती काळी. पांढर पांढरी का होते? पिढ्यानपिढ्या तिथं चुलीची राख पडते, शेण पडतं, भिंतींची माती पडते, हाडं पडतात, भुसा पडतो. माणसाच्या राहण्याचा सगळा गाळ साचून ती पांढरट आणि भुसभुशीत होते. म्हणूनच जुन्या गावठाणाची माती खत म्हणून शेतात नेऊन टाकायची रीत होती. राख आणि हाडं यांचा कस पिकाला लागतो, हे शेतकऱ्याला प्रयोगशाळेशिवाय माहीत होतं. पुरातत्त्वज्ञ खणतो ती पांढर. पण तिच्यात जे दाणे आणि हाडं निघतात तो हिशेब असतो काळीचा, म्हणजे शेताचा आणि कुरणाचा. गावाच्या कचऱ्यावरून शिवार ओळखायचं, असं हे काम आहे. आणि कचऱ्यावरून शिवार ओळखताना कुठं फसगत होते, हाच आजचा विषय.

आपल्या जिल्ह्यापासून सुरुवात करू. या तालुक्यातच, नांदूर मधमेश्वरला, आज लोक पक्षी बघायला जातात. तिथल्या गोदावरीच्या गाळात प्राचीन हत्तीचे अवशेष मिळाले होते आणि भूगर्भशास्त्रज्ञ पिलग्रिम यांनी १९०५ मध्ये त्यावर लिहिलं. ती हाडं नदीनं आणून टाकलेली. ती त्या काळच्या नदीबद्दल आणि रानाबद्दल सांगतात, माणसाच्या ताटाबद्दल नाही. हा फरक लक्षात ठेवा. हाड कुठं सापडलं यावर ते काय बोलू शकतं हे ठरतं. गाळातलं हाड वेगळं, उकिरड्यातलं वेगळं, आणि दफनातलं आणखी वेगळं. विदर्भात माहुरझरीला शिळावर्तुळांच्या दफनांमध्ये घोड्याचे अवशेष मिळाले आहेत. ते माणसाबरोबर पुरलेले. त्यावरून घोड्याचा मान कळतो. पण गावात घोडे किती होते, ते त्यावरून कळत नाही.

पुढे १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी नाशकात गोदाकाठच्या मातीच्या गढीवर आणि संगमनेरजवळच्या जोर्वे इथं उत्खनन केलं. १९५५ मध्ये त्याचा अहवाल आला. जोर्वेला लाल रंगाची, वर काळी नक्षी काढलेली, खणखणीत भाजलेली मडकी मिळाली. पुढे तशीच मडकी नेवाशाला, दायमाबादला, चांडोलीला, इनामगावला मिळत गेली आणि त्या सगळ्या लोकांना आपण ‘जोर्वे संस्कृती’ म्हणू लागलो. म्हणजे एका शेतकरी समाजाला आपण नाव दिलं ते मडक्यावरून. त्यात वावगं काही नाही, कारण खापर टिकतं, पटकन ओळखू येतं आणि त्याचा काळ लावता येतो. पण त्याचा एक परिणाम झाला. अहवालाचा मुख्य भाग खापरांचा झाला. हाडं आणि दाणे दुसऱ्या कुणाकडे तरी पाठवायचे, ते यादी करून देणार, आणि ती यादी शेवटी जोडायची. ‘गाय-बैल, म्हैस, शेळी, मेंढी, हरिण.’ संपलं. यादीवरून काय वाढत होतं ते कळतं. किती, कधी, कशासाठी हे कळत नाही.

ही पद्धत मोडायचं श्रेय पुण्याच्या डेक्कन कॉलेजला द्यायला हवं. सांकलियांनी पुरातत्त्वाच्या विभागातच हाडं, दाणे, माती यांचा अभ्यास करणारी माणसं तयार केली. पी. के. थॉमस आणि जी. एल. बडाम प्राण्यांचे अवशेष बघत, एम. डी. काजळे वनस्पतींचे. भोकरदनच्या उत्खननाचा अहवाल १९७४ मध्ये आला, त्यात काजळ्यांचं प्राचीन धान्यांवर स्वतंत्र लेखन आहे. आणि या सगळ्याचा कळस म्हणजे इनामगाव.

इनामगाव पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. १९६८ मध्ये उत्खनन सुरू झालं आणि ते डझनभर वर्षं चाललं. एका लहानशा प्राचीन गावासाठी इतका वेळ दिल्याची उदाहरणं आपल्याकडे थोडी आहेत. धवलीकर, सांकलिया आणि अन्सारी यांच्या नावानं १९८८ मध्ये मोठा अहवाल आला. त्यात वनस्पती आणि प्राणी यांना परिशिष्टात न टाकता भरघोस प्रकरणं दिलेली आहेत. त्याच वर्षी धवलीकरांनी ‘दख्खनचे पहिले शेतकरी’ अशा अर्थाच्या नावाचं इंग्रजी पुस्तक लिहिलं, आणि पुढे ‘महाराष्ट्राची कुळकथा’ या पुस्तकातून मराठी वाचकाशीही ते बोलले. संशोधन करून ते लोकांपर्यंत नेणारी अशी माणसं विरळा, हे आधीच सांगून ठेवतो.

आता धवलीकरांची मांडणी थोडक्यात. इनामगावला साधारण इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० अशी वस्ती. तीन टप्पे: माळवा, पूर्व जोर्वे आणि उत्तर जोर्वे. पूर्व जोर्वे काळात, म्हणजे इसवी सनापूर्वी १४०० ते १०००, गावाची भरभराट. मोठी चौकोनी घरं, पाण्यासाठी पाट आणि बांध. जव, म्हणजे ज्याला आपण सातूही म्हणतो, हे मुख्य धान्य. जोडीला गहू, मसूर, कुळीथ म्हणजे आपला हुलगा, वाल, वाटाणा, लाख. इसवी सनापूर्वी १००० नंतर चित्र पालटतं. घरं लहान आणि गोल होतात. गहू दिसेनासा होतो. शेळ्या-मेंढ्या आणि शिकारीची जनावरं वाढतात. निष्कर्ष असा की पाऊस कमी झाला, शेती खालावली, शेतकरी अर्धे भटके मेंढपाळ झाले, आणि इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास गाव उठलं.

ही कहाणी ऐकली की आपल्याला लगेच पटते. का पटते? कारण ती आपण डोळ्यांनी बघितलेली आहे. दुष्काळात गुरं विकली जातात, शेळी तेवढी टिकते, माणसं बिऱ्हाड पाठीवर घेऊन बाहेर पडतात. अनुभवाशी जुळते म्हणूनच ती जपून तपासायला हवी. आपल्या ओळखीची गोष्ट आपण पुराव्याशिवायही मान्य करून टाकतो.

तर उलटतपासणी. पहिला प्रश्न: दाणा मिळाला कसा?

धान्य कुजतं. तीन हजार वर्षं टिकतो तो जळालेला दाणा. पूर्ण जळाला तर राख होते, अर्धवट जळाला तर कोळसा होऊन आकार टिकतो. म्हणजे आपल्या हाती येतो तो अपघात. चुलीत सांडलेलं, भाजताना करपलेलं, आगीत सापडलेलं. जे धान्य भाजून खातात त्याला जळायची संधी जास्त. जे फक्त उकडून खातात त्याला कमी. एखादं धान्य कमी मिळालं याचा अर्थ ते कमी पिकत होतं असा सरळ निघत नाही. ते चुलीशी वेगळ्या रीतीनं जात असेल. आजचं उदाहरण घ्या. आपल्या घरात गॅस आला. आता गव्हाचा दाणा जळणार कुठं? तीन हजार वर्षांनी कुणी ओझरची पांढर खणली तर गॅस आल्यानंतरच्या थरात जळका दाणा जवळपास मिळणार नाही. मग तो लिहील की इथल्या लोकांनी विसाव्या शतकाच्या शेवटी धान्य खाणं सोडलं!

चुलीत आणखी एक गोष्ट जाते. गोवरी. गुरांनी खाल्लेल्या गवताचं बी शेणात उतरतं, शेणाची गोवरी होते, गोवरी जळते आणि ते बी कोळसा होऊन चुलीत राहतं. चुलीत रानगवताचं बी मिळालं तर ते माणसानं खाल्लं की गाईनं, हे आधी ठरवावं लागतं. बी आणि जनावर असे एकमेकांत गुंतलेले असतात. म्हणून आपल्याकडे दाण्याचं प्रकरण एकानं लिहायचं आणि हाडाचं दुसऱ्यानं, आणि दोघांनी भेटायचं ते थेट समारोपात, ही विभागणी आम्हाला खटकते.

आणि दाणा गोळा कसा केला? माती पाण्यात कालवली की जळका दाणा हलका म्हणून वर तरंगतो, तो कापडावर घ्यायचा. बायका धान्य निवडताना पोचट दाणे तरंगवून काढतात, तीच युक्ती. अमेरिकेत स्ट्रूव्हर यांनी या तंत्रावर १९६८ मध्ये लेख लिहिला आणि मग ते जगभर पसरलं. त्याआधीच्या उत्खननांत डोळ्याला दिसतील तेवढेच दाणे उचलले जात. गव्हाचा दाणा दिसतो. नाचणी-राळ्यासारखा बारीक दाणा निसटतो. हाडांचंही तेच. सेबॅस्टियन पेन यांनी १९७२ च्या सुमारास दाखवून दिलं की माती चाळली नाही तर शेळी-मेंढीची, डुकराची बारीक हाडं मोठ्या प्रमाणात हातची जातात आणि गाय-बैलांची टिकून राहतात. म्हणजे चाळणी बदलली की कळपाचा आकडा बदलतो. दोन थरांची तुलना करायची तर दोन्ही थर एकाच चाळणीतून गेले होते का, हे पहिलं विचारायचं.

दुसरा प्रश्न: मोजलं कसं?

समजा एका खड्ड्यात गाय-बैलांच्या हाडांचे साठ तुकडे आहेत आणि शेळी-मेंढीचे चाळीस. मग गुरं जास्त होती? बैलाचं हाड मगजासाठी फोडतात, त्याचे दहा तुकडे होतात. साठ तुकडे दोन बैलांचेही असू शकतात. म्हणून दुसरी रीत वापरतात. एकाच हाडाचं एकच टोक मोजायचं, समजा उजव्या पुढच्या पायाचं. अशी चार टोकं असली तर निदान चार जनावरं. पण या रीतीत एखाददुसऱ्या हाडावर हजेरी लागलेल्या जनावराचं वजन फार वाढतं. दोन्ही रीती अपुऱ्या आहेत, म्हणून दोन्ही आकडे द्यायचे असतात. आणि मांस किती, हा तिसरा हिशेब. एका बैलाच्या मांसाला कितीतरी शेळ्या लागतील, हे तुम्हाला सांगायची गरज नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. हाडांवरून कळप मोजता येत नाही, मेलेली जनावरं मोजता येतात. नांगराचा बैल दहा-बारा वर्षं जगवला जातो. बोकड वर्षा-दीड वर्षात कापला जातो. एका घरी चार बैल आणि चार शेळ्या असल्या तरी दहा वर्षांत उकिरड्यावर बोकडाची हाडं कितीतरी जास्त पडणार. उत्तर जोर्वे थरात शेळी-मेंढीच्या हाडांचं प्रमाण वाढलं, हे मान्य. पण त्यातून लोक मेंढपाळ झाले असंच निघतं का? लोकांनी बैल मारणं कमी केलं, शेतीसाठी जपले, म्हणूनही शेळीचा टक्का वर जाईल. एकच आकडा, दोन उलट अर्थ. यातला कोणता खरा, हे जनावर कोणत्या वयात मेलं यावरून ठरवायचं. ते दातांच्या झिजेवरून आणि हाडाची टोकं जुळली आहेत की नाहीत यावरून कळतं. ओढकाम केलेल्या जनावराच्या पायाच्या हाडांवर ताणाच्या खुणाही सापडतात. हा पुरावा थॉमस यांच्यासारख्यांच्या कामातूनच पुढे आला. पण लोकांसाठी कहाणी सांगताना वयाचा तक्ता गळतो आणि टक्का तेवढा राहतो.

तिसरा प्रश्न: दाणा त्याच थरातला आहे का?

हे ओझरकरांना सांगायला नको. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात. हातभर काठी आत जाते. वरचा दाणा पहिल्या पावसात खाली जाऊन बसतो. उंदीर आहेत, घुशी आहेत, मुंग्या आहेत. त्यामुळे थराचा काळ तोच दाण्याचा काळ, असं धरून चालत नाही. आता एकेका दाण्याचं वय किरणोत्सर्गी कार्बनवरून काढता येतं. जुन्या उत्खननांच्या वेळी ती सोय नव्हती.

हा प्रश्न ज्वारी-बाजरीच्या बाबतीत फार बोचरा आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी ही तिन्ही मूळची आफ्रिकेतली. भारतात ती फार पूर्वी आल्याचे दावे अनेक अहवालांत आहेत. डोरियन फुलर यांनी २००३ मध्ये या नोंदींची छाननी केली, आणि त्यातल्या बऱ्याच नोंदी दाण्याच्या ओळखीच्या किंवा काळाच्या कसोटीवर डळमळीत निघाल्या. बारीक जळका दाणा नाचणीचा की रानतृणाचा, हे ओळखणं कठीणच असतं. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं आणि ‘आमची भाकरी हजारो वर्षांची’ असं ऐकायला सगळ्यांनाच बरं वाटतं. भाकरी जुनी आहेच. पण इनामगावच्या शेतकऱ्याचं मुख्य धान्य होतं जव, जे आज आपल्याकडे पूजेला आणि औषधापुरतं उरलं आहे. आपलं म्हणून जे अन्न आपण मिरवतो ते बदलत आलेलं आहे. या तालुक्यातली मका, टोमॅटो, मिरची, बटाटा ही सगळी पिकं अमेरिका खंडातून आलेली, पाचेकशे वर्षांच्या आतली.

चौथा प्रश्न: पाऊस खरंच तेव्हाच कमी झाला का?

इथं आपली गोदावरी साक्षीला येते. गोदावरी जिथं बंगालच्या उपसागराला मिळते, तिथल्या समुद्रतळाच्या गाळाचा एक लांब नमुना काढून पाँटन, जियोसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. नदी आपल्या खोऱ्यातल्या झाडापाल्याचा अंश वाहून नेते. पानांवरचं मेणचट आवरण गाळात टिकतं, आणि त्यातल्या कार्बनवरून कोरड्या हवेत तगणारी झाडं किती होती ते कळतं. त्यांना दिसलं ते असं: सुमारे ४००० वर्षांपूर्वीपासून सुमारे १७०० वर्षांपूर्वीपर्यंत कोरडेपणाला सरावलेली वनस्पती हळूहळू वाढत गेली, आणि पुढेही टिकली.

हा निष्कर्ष इनामगावशेजारी ठेवून बघा. पूर्व जोर्वेची भरभराट झाली ती या कोरड्या होत जाणाऱ्या काळातच. दख्खनमध्ये शेतकऱ्यांनी पाय रोवले तेच मुळी पाऊस ओसरत असताना. मग कोरडेपणा आला म्हणून शेती बुडाली, हे एवढं सोपं राहत नाही. तोच कोरडेपणा आधी काहीशे वर्षं चालला, मग इसवी सनापूर्वी १००० लाच का नाही चालला? एक सावधगिरी इथंही हवी. हा नमुना संपूर्ण गोदावरी खोऱ्याची सरासरी आहे, आणि इनामगावची घोड नदी भीमेला मिळते, म्हणजे ते कृष्णेचं खोरं. शिवाय हळूहळू होणाऱ्या बदलात एखादा दशकांचा वाईट दुष्काळ असू शकतो आणि तो अशा सरासरीत दिसणार नाही. त्यामुळे गोदावरीच्या गाळानं धवलीकर खोटे ठरले, असं आम्ही म्हणत नाही. एवढंच म्हणतो की हवामानाचा पुरावा हवामानातूनच यायला हवा. शेळ्या वाढल्या म्हणून पाऊस घटला, आणि पाऊस घटला म्हणून शेळ्या वाढल्या, असं गोल फिरलं तर कारण आणि परिणाम एकमेकांच्या आधारानं उभे राहतात. जमिनीवर दोघांचेही पाय नसतात.

आता यात माणसं कुठं आहेत? जोर्वे लोकांत लहान मूल गेलं तर त्याला दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखाली पुरत. अशी कितीतरी दफनं इनामगावला, नेवाशाला, दायमाबादला मिळाली. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी या मुलांच्या हाडांचा अभ्यास करून २०११ मध्ये पुस्तक लिहिलं. मुलाचं वय दातांवरून कळतं आणि त्या वयाला हाडं किती वाढायला हवी होती तेही. उत्तर जोर्वे काळातल्या इनामगावच्या मुलांमध्ये वाढ खुंटल्याच्या, ताणाच्या खुणा त्यांना दिसल्या. आणि हवामानावरून थेट समाजाच्या ऱ्हासावर उडी मारायच्या सवयीलाही त्यांनी प्रश्न विचारले. म्हणजे बघा, त्या काळी काहीतरी बिनसलं होतं हे खरं. धवलीकरांची नजर चुकली नव्हती. पण काय बिनसलं, याचं उत्तर गव्हाच्या दाण्यावरून मिळालं त्यापेक्षा मुलांच्या हाडांवरून जास्त जवळचं मिळालं. कुपोषण पावसामुळेच येतं असं नाही. गर्दीनं, रोगानं, अन्नाच्या वाटणीनंही येतं. आजच्या महाराष्ट्रात हे वेगळं समजावून सांगावं लागू नये.

म्हणून आम्हाला हा विषय नुसता विद्वानांचा वाटत नाही. ‘निसर्गानं मारलं’ हे उत्तर सगळ्यांना सोयीचं असतं. त्यात कुणाचा दोष निघत नाही. तीन हजार वर्षांपूर्वीच्या गावाबद्दल ते उत्तर न तपासता स्वीकारायची सवय लागली, की आजच्या गावाबद्दलही तीच सवय लागते. गारपीट झाली, पाऊस कमी झाला, हे खरंच असतं. पण पाटाचं पाणी कुणाला मिळालं आणि कुणाला नाही, हा प्रश्न त्याखाली झाकला जातो. इनामगावलाही पाट होता. त्याचं पाणी कुणाच्या शेतात जात होतं?

आणखी एक अवघड जागा आहे, ती टाळून जाणं बरं नाही. इनामगावच्या हाडांत गाय-बैलांची हाडं भरपूर आहेत आणि त्यांच्यावर कापल्याच्या आणि भाजल्याच्या खुणा आहेत. म्हणजे ते लोक गोवंशाचं मांस खात होते. यावर दोन प्रकारची माणसं उठतात. एक म्हणतात हे खोटं आहे, दुसरे म्हणतात बघा आम्ही सांगत होतो. हाडाला या दोघांशी कर्तव्य नाही. ते एका जागचं, एका काळचं जेवण सांगतं. आज कुणी काय खावं याचा आदेश त्यात नाही आणि मनाईही नाही. पण पुरावा आवडला नाही म्हणून तो झाकायचा, किंवा आवडला म्हणून त्याच्याकडून जास्तीचं वदवून घ्यायचं, ही दोन्ही कामं अभ्यासकाची नव्हेत. वर सांगितलेली उलटतपासणी इथंही तितकीच लागू. खुणा किती हाडांवर आहेत, कोणत्या थरात, किती वयाच्या जनावरांवर, हे विचारायचं आणि उत्तर येईल ते ऐकायचं.

मग आमची मागणी काय? फार मोठी नाही. उत्खननाच्या अहवालात दाणे आणि हाडं यांची मोजणी कोणत्या रीतीनं केली, माती चाळली का, किती नमुने घेतले, कोणत्या खड्ड्यातून घेतले, हे कहाणीच्या आधी यावं. दाणा बघणारा आणि हाड बघणारा यांनी निदान एक प्रकरण एकत्र लिहावं. जुन्या उत्खननांतले जपून ठेवलेले दाणे पुन्हा काढून एकेकाचं वय तपासावं. आणि हे सगळं मराठीत यावं, तक्त्यांसकट. मराठी वाचकाला गोष्ट तेवढी द्यायची आणि हिशेब इंग्रजीत ठेवायचा, हे बरोबर नाही. जो वाचक कांद्याचा बाजारभाव, खताचा खर्च आणि औषधाच्या फवारण्या तोंडपाठ सांगतो, त्याला हाडांचा तक्ता झेपणार नाही असं मानायचं कारण काय?

आणि आपल्याकडूनही थोडं. शिवारात, नदीकाठी जुनी पांढर असेल, खापरं वर आलेली असतील, तर जेसीबी लावायच्या आधी राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवा. खापर लोक उचलून बघतात. राखेच्या पट्ट्याकडे कुणी बघत नाही, आणि आज जी चर्चा केली तिचा सगळा पुरावा त्या राखेतच असतो. ट्रॉलीभर पांढरी माती रानात पसरली की पीक एक हंगाम चांगलं येईल. पण इथल्या पहिल्या शेतकऱ्यानं कोणतं पीक घेतलं होतं, हे सांगणारा दाणा त्या मातीबरोबर काळीत मिसळून जाईल, आणि मग तो कुठल्याही चाळणीत येणार नाही.

इनामगावची कहाणी चुकीची ठरवायला आम्ही आलो नव्हतो. ती कहाणी सांगणाऱ्यांनी पुरावा इतका नीट जमवला आणि छापला, म्हणून तर पुढच्यांना तिच्यावर प्रश्न विचारता आले. ज्या उत्खननात दाणे उचललेच नाहीत, तिथं प्रश्न विचारायलाही जागा नाही. आता तुमचे प्रश्न घेऊ या. शेतीतल्या लोकांचे आधी.